भूमिकानिर्वाह व्हिडिओ गेममधील ऐच्छिक सहचर-प्रणय

ऐच्छिक सहचर-प्रणय ही भूमिकानिर्वाह व्हिडिओ गेममधील (रोल-प्लेइंग गेम, संक्षेपाने आरपीजी) एक कथनपद्धती आहे. या पद्धतीत खेळाडूच्या मुख्य पात्राबरोबर प्रवास करणाऱ्या एखाद्या सहचर पात्राशी प्रेमसंबंध जोडायचा की नाही, हे खेळाडू स्वतः ठरवतो. त्याने तो जोडला नाही, तरी मुख्य कथानक पूर्ण करता येते. १९९०च्या दशकातील अनेक खेळांत नायकाचे प्रेम लेखकाने आधीच ठरवलेले असे. २००० सालानंतर, विशेषतः कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या खेळांमुळे, प्रणय हे निवडता येणारे उपकथानक म्हणून रूढ झाले. मात्र प्रणय केवळ 'टाळता येणे' म्हणजे तो खऱ्या अर्थाने ऐच्छिक असणे नव्हे, अशी टीका पुढे होऊ लागली. नकळत सुरू होणारे संबंध, नकार दिल्यावर होणारे नुकसान आणि मैत्रीला मिळणारे दुय्यम स्थान हे या चर्चेतील मुख्य मुद्दे आहेत.

संज्ञा आणि व्याप्ती

भूमिकानिर्वाह खेळांचे मूळ १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळात आहे. त्यात अनेक खेळाडू एकत्र येऊन एकेका पात्राची भूमिका करतात. संगणकावर एकट्याने खेळताना बाकीच्या भूमिका करण्यासाठी माणसे नसतात. त्यांची जागा लेखकांनी रचलेली पात्रे घेतात. मुख्य पात्राच्या चमूत राहून लढणाऱ्या, मुक्कामावर गप्पा मारणाऱ्या आणि स्वतःची पूर्वकथा असलेल्या अशा पात्रांना 'सहचर' म्हणतात.

प्रणयाच्या मांडणीवरून या खेळांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात:

१. निश्चित प्रणय – कोणाचे कोणावर प्रेम जडणार हे कथेतच ठरलेले असते. उदा. 'फायनल फँटसी ८' (१९९९) मधील स्क्वॉल व रिनोआ.
२. सक्तीची निवड – जोडीदार कोण हे खेळाडू ठरवतो, पण जोडीदार निवडल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.
३. ऐच्छिक प्रणय – जोडीदार निवडणे आणि मुळीच न निवडणे, दोन्ही शक्य असते.
४. प्रणयविरहित रचना – सहचर असतात, परंतु मुख्य पात्राला त्यांच्याशी प्रेमसंबंध जोडता येत नाही.

प्रस्तुत लेख मुख्यत्वे तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

इतिहास

प्रारंभीचे जपानी खेळ

जोडीदाराची निवड खेळाडूकडे सोपवण्याचे प्रयोग जपानमध्ये लवकर झाले. 'फँटसी स्टार ३' (१९९०) या खेळात नायक कोणाशी विवाह करतो यावर पुढच्या पिढीचा नायक कोण होणार हे अवलंबून असे. 'ड्रॅगन क्वेस्ट ५' (१९९२) मध्ये नायकाला बालमैत्रीण बियांका आणि श्रीमंत घराण्यातील फ्लोरा यांच्यातून वधू निवडावी लागते. २००८ सालच्या निन्टेन्डो डीएस आवृत्तीत डेबोरा हा तिसरा पर्याय जोडण्यात आला. या दोन्ही खेळांत निवड खरी असली, तरी अविवाहित राहण्याची सोय नाही. कारण कथा वंशाच्या पुढच्या पिढीवरच उभी आहे. 'फायनल फँटसी ७' (१९९७) मध्ये निराळी युक्ती आढळते. खेळाडूच्या उत्तरांवरून प्रत्येक सहचराच्या आपुलकीचे गुण पडद्याआड मोजले जातात आणि गोल्ड सॉसर या मनोरंजननगरीत नायकासोबत फिरायला कोण जाणार, हे त्या बेरजेवरून ठरते. खेळाडूला हा हिशोब दिसत नाही.

बायोवेअरची परंपरा

बायोवेअर ही संस्था १९९५ साली कॅनडातील एडमंटन येथे स्थापन झाली. तिच्या 'बाल्डर्स गेट २: शॅडोज ऑफ ॲम्न' (२०००) या खेळातून सहचर-प्रणयाचा आजचा साचा तयार झाला. त्यात पुरुष नायकासाठी जाहेरा, व्हिकोनिया आणि एरी, तर स्त्री नायिकेसाठी केवळ अनोमेन असे पर्याय होते. ठरावीक काळ लोटल्यावर सहचर स्वतःहून बोलू लागे आणि उत्तर चुकले तर प्रणयाचा धागा कायमचा तुटे. नायकाचा वंश कोणता, यावरही मर्यादा होत्या. या मर्यादा काढून टाकणारे आणि नवे प्रणयप्रसंग जोडणारे 'मॉड' हौशी खेळाडूंनी पुढे अनेक वर्षे तयार केले. एवढी मोठी मागणी निर्माण झालेला हा प्रणय मुख्य कथेसाठी मात्र मुळीच आवश्यक नव्हता.

'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' (२००३) आणि 'जेड एम्पायर' (२००५) या खेळांतून हीच रीत पुढे चालली. 'मास इफेक्ट' (२००७) मध्ये संवाद चक्राकार पर्यायांतून निवडण्याची सोय आली. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) मध्ये प्रत्येक सहचराची नायकावरील मर्जी उणे १०० ते अधिक १०० अशा मापावर उघडपणे दाखवली जाऊ लागली. भेटवस्तू देऊनही ही मर्जी वाढवता येत असे.

पर्सोना मालिका

ऐच्छिकतेच्या दृष्टीने ॲटलस या जपानी संस्थेची 'पर्सोना' मालिका विशेष अभ्यसनीय आहे, कारण एकाच खेळाच्या दोन आवृत्त्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. 'पर्सोना ३' (२००६) मध्ये नायक दिवसा शाळेत जातो आणि निरनिराळ्या व्यक्तींशी 'सोशल लिंक' नावाचे संबंध वाढवतो. प्रत्येक संबंधाच्या दहा पायऱ्या असतात. त्या पूर्ण केल्यास लढाईत वापरायच्या शक्ती वाढतात. परंतु युकारी, मित्सुरू आणि फुका या सहचरींशी संबंध पूर्ण करायचा, तर तो प्रेमसंबंधातच परिणत होई. निव्वळ मैत्री राखायची असेल, तर संबंध अर्धवट सोडणे आणि त्यासोबत शक्तीवरही पाणी सोडणे एवढाच मार्ग उरे. शिवाय सर्व शक्ती मिळवू पाहणाऱ्या खेळाडूचा नायक, इच्छा असो वा नसो, एकाच वेळी अनेकींचा प्रियकर ठरे.

'पर्सोना ४' (२००८) मध्ये हा दोष दूर झाला. संबंधाच्या शेवटच्या टप्प्याजवळ खेळाडूला प्रेम की मैत्री हे निवडता येऊ लागले आणि दोन्ही वाटांनी दहावी पायरी गाठता येऊ लागली. 'पर्सोना ३'च्या २००९ सालच्या 'पोर्टेबल' आवृत्तीत स्त्री नायिका जोडण्यात आली. तिच्या कथेत मैत्रीचा पर्याय होता, पण पुरुष नायकाची जुनी रचना तशीच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'पर्सोना ३ रिलोड' या पुनर्निर्मितीत अखेर पुरुष नायकालाही मैत्रीची वाट मिळाली. मूळ खेळानंतर सुमारे १८ वर्षांनी झालेला हा बदल लहान वाटला, तरी या विषयातील विचार किती पालटला याचे ते स्पष्ट उदाहरण आहे.

कार्यपद्धती

बहुतेक खेळांत सहचर-प्रणय पुढील घटकांतून घडवला जातो.

मर्जीगुण: खेळाडूच्या निर्णयांनुसार सहचराची मर्जी वाढते वा घटते. किमान गुणमर्यादा ओलांडली की विशेष संवाद खुले होतात. हे गुण सामान्यतः स्नेह आणि प्रेम या दोहोंसाठी एकच असतात. पुढे वर्णिलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथे आहे. यंत्राला 'हा माणूस माझा चांगला मित्र आहे' आणि 'याला माझ्याविषयी प्रेम वाटते' यांतला फरक केवळ एका आकड्यावरून ओळखता येत नाही.

संवादचिन्हे: 'ड्रॅगन एज २' (२०११) मध्ये प्रत्येक उत्तराचा सूर सांगणारी चिन्हे देण्यात आली. प्रेमदर्शक उत्तरासमोर हृदय, तर संबंध तोडणाऱ्या उत्तरासमोर भंगलेले हृदय दिसे. बोलण्याचा अर्थ निवडीपूर्वीच कळत असल्याने गैरसमजाला जागा कमी राहिली.

निर्णायक प्रसंग: बहुधा एका ठरावीक टप्प्यावर सहचर उघडपणे विचारणा करतो. एकाहून अधिक संबंध सुरू असतील, तर एकाची निवड करण्याचा आग्रह धरला जातो. 'द विचर ३' (२०१५) मध्ये नायक गेराल्टने ट्रिस आणि येनेफर या दोघींनाही प्रेमाची कबुली दिली, तर दोघी मिळून त्याची फजिती करतात आणि तो एकटा पडतो.

लाभ: काही खेळांत संबंधातून खेळाला उपयोगी फायदा मिळतो. 'द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम' (२०११) मध्ये माराचा ताईत गळ्यात घालून विवाहेच्छुक पात्राशी बोलल्यास विवाह ठरतो. पुढे जोडीदाराच्या सान्निध्यात झोप घेतल्यास काही काळ कौशल्ये १५ टक्के अधिक वेगाने वाढतात. एकट्याने चांगल्या बिछान्यात झोपल्यास हा वेग १० टक्के असतो.

ऐच्छिकतेचे निकष

समीक्षक आणि खेळाडू यांच्या चर्चेतून ऐच्छिकता तपासण्याचे काही निकष पुढे आले आहेत.

जाणीवपूर्वक आरंभ

खेळाडूने सहानुभूतीने विचारपूस करावी आणि खेळाने ती प्रेमाची खूण समजावी, असा अनुभव पहिल्या 'मास इफेक्ट'मध्ये अनेकांना आला. लियारा या सहचरीशी सौजन्याने बोलणारा खेळाडू काही वेळाने स्वतःला प्रेमकथेत गुंतलेला पाहत असे. अशा नकळत जडलेल्या संबंधासाठी इंग्रजीभाषक खेळाडूंनी 'निन्जामॅन्स' असा विनोदी शब्द घडवला. निन्जाप्रमाणे चोरपावलांनी आलेला प्रणय, असा त्याचा अर्थ. हृदयचिन्हाची योजना हा या अडचणीवरचा एक उपाय ठरला.

'बाल्डर्स गेट ३' या बेल्जियममधील लारियन स्टुडिओजच्या खेळात ही अडचण पुन्हा उद्भवली. ऑगस्ट २०२३ मध्ये खेळ प्रसिद्ध झाल्यावर सहचर फार लवकर आणि फार उघडपणे जवळीक साधू पाहतात, अशी तक्रार झाली. काही सहचरांच्या मर्जीची किमान मर्यादा चुकून कमी राहिली होती, असे संस्थेचे प्रमुख स्वेन विंक यांनी मुलाखतीत मान्य केले. पुढे ती दुरुस्त करण्यात आली. हेतू चांगला असूनही एक आकडा चुकला, की पात्राचा स्वभावच बदललेला दिसतो, हे या प्रसंगातून लक्षात येते.

निर्भय नकार

नकार देता येणे आणि नकाराची किंमत न मोजावी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ड्रॅगन एज २' मधील अँडर्स हा सहचर पुरुष नायकाकडेही स्वतःहून प्रेम व्यक्त करतो. त्याला नकार दिल्यास त्याच्या मनातील दुरावा दर्शवणारे गुण वाढत. यावरून तसेच एकंदर समलिंगी प्रणयावरून काही खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. त्यावर प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी २०११ साली उत्तर दिले. खेळ सर्वांसाठी असून कोणत्याही एका गटाने तो केवळ आपल्यासाठीच असावा अशी अपेक्षा बाळगू नये, असा त्याचा आशय होता. या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले होते. समलिंगी पात्राने प्रेम व्यक्त करावे की नाही हा एक, आणि नकाराला दंड असावा की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गेडर यांनी ठामपणे दिले. दुसरा प्रश्न मात्र कोणत्याही लिंगाच्या पात्रांना सारखाच लागू पडतो.

समान लाभ

प्रणय न करणाऱ्याचे खेळात नुकसान होऊ नये, हा तिसरा निकष. 'फॉलआउट ४' (२०१५) मध्ये सहचराची आपुलकी पूर्णत्वास गेली की मिळणारी खास क्षमता मैत्रीतूनही मिळते. निक व्हॅलेंटाइनसारख्या, ज्यांच्याशी प्रणय करताच येत नाही अशा सहचरांकडूनही ती मिळते. प्रेमसंबंध असल्यास विश्रांतीनंतर काही काळ वाढीव अनुभवगुण मिळतात, एवढाच फरक राहतो. 'मास इफेक्ट २' (२०१०) मध्ये सहचरांची निष्ठा मिळवण्याच्या मोहिमा प्रणयापासून स्वतंत्र ठेवल्या आहेत. त्यामुळे अंतिम मोहिमेत कोण वाचणार हे प्रेमावर अवलंबून राहत नाही. मात्र त्याच खेळात प्रणय पूर्ण केल्याबद्दल 'पॅरामोर' हे मानचिन्ह आहे. सर्व मानचिन्हे जमवणाऱ्याला प्रणय टाळता येत नाही.

न निवडलेल्या वाटेचा मान

प्रणय नाकारला की त्या सहचराचे कथानक ओसाड पडते, ही जुनी तक्रार आहे. यावर लेखकांनी निरनिराळे मार्ग काढले. 'मास इफेक्ट २' मध्ये आधीच्या भागातील जोडीदाराशी एकनिष्ठ राहून नवा संबंध टाळल्यास, अंतिम मोहिमेपूर्वी शेपर्ड त्या व्यक्तीचे छायाचित्र न्याहाळताना दिसतो. 'मास इफेक्ट ३' (२०१२) मध्ये गॅरस आणि टाली यांच्यापैकी कोणाशीही शेपर्डचा संबंध नसेल, तर ते दोघे एकमेकांच्या जवळ येतात. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) मध्ये आयर्न बुल आणि डोरियन यांच्याबाबत असेच घडू शकते. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' (२०२४) मध्येही खेळाडूने न निवडलेले काही सहचर आपसांत जोड्या जमवतात. यामुळे सहचर केवळ नायकाची वाट पाहत थांबलेले नाहीत, त्यांनाही स्वतःचे आयुष्य आहे, असा आभास निर्माण होतो.

लैंगिक कल आणि निवड

प्रणय ऐच्छिक करताना कोणत्या सहचराचा पर्याय कोणत्या नायकाला खुला असावा, हा प्रश्न येतो. यात दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार प्रत्येक सहचराचा कल निश्चित असावा. 'इन्क्विझिशन'मधील डोरियन केवळ पुरुषांकडे, तर सेरा केवळ स्त्रियांकडे आकृष्ट होते. 'सायबरपंक २०७७' (२०२०) मध्येही हीच रीत आहे. दुसऱ्या मतानुसार सर्व प्रणययोग्य सहचर कोणत्याही लिंगाच्या नायकाला उपलब्ध असावेत. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'द व्हेलगार्ड' यांनी ही पद्धत स्वीकारली. पहिल्या पद्धतीत पात्र अधिक खरे वाटते आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार सहचरालाही मिळतो. दुसऱ्या पद्धतीत कोणाही खेळाडूच्या वाट्याला कमी पर्याय येत नाहीत. 'बाल्डर्स गेट २' मधील तीनास एक हे प्रमाण आठवल्यास या मुद्द्याचे महत्त्व कळते.

या विषयाला सामाजिक विरोधही झाला. नोव्हेंबर २००७ मध्ये सिंगापूरने एका स्त्री पात्राच्या आणि परग्रहवासी स्त्रीच्या जवळिकीच्या दृश्यामुळे 'मास इफेक्ट'वर बंदी घातली. ती लवकरच उठवून प्रौढांसाठीचे मानांकन देण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतील फॉक्स न्यूज वाहिनीने त्याच खेळातील दृश्यांचे अतिरंजित वर्णन केले. हे दृश्य अल्पकाळाचे असून खेळाडूने स्वतः तो संबंध निवडला तरच दिसते, ही बाब त्या चर्चेत हरवली.

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' प्रकरण

ऐच्छिकता काढून घेतल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८) या खेळात आढळते. प्राचीन ग्रीसमध्ये घडणाऱ्या या खेळात ॲलेक्सिओस किंवा कसान्ड्रा यांपैकी एक पात्र निवडून कोणत्याही लिंगाच्या पात्रांशी प्रणय करता येतो किंवा तो पूर्णपणे टाळता येतो. खेळाची प्रसिद्धीही याच स्वातंत्र्यावर भर देऊन झाली होती. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या 'लेगसी ऑफ द फर्स्ट ब्लेड' या पूरक कथेच्या दुसऱ्या भागात मात्र, खेळाडूने आधी काहीही निवडले असले तरी, नायकाचा भिन्नलिंगी जोडीदाराशी संसार मांडला जाऊन त्यांना मूल होते. आपले पात्र समलिंगी म्हणून वा प्रणयापासून अलिप्त म्हणून घडवलेल्या खेळाडूंना हा विश्वासभंग वाटला. त्या टप्प्यावरील मानचिन्हाच्या 'ग्रोइंग अप' (मोठे होणे) या नावाने संतापात भर पडली. अशा संसाराविना जगणे म्हणजे अपरिपक्वता, असा अर्थ त्यातून निघत होता. निर्मात्यांनी क्षमा मागितली, मानचिन्हाचे नाव बदलले आणि हा संबंध प्रेमाविना, केवळ वंश पुढे चालवण्यासाठी होता असे ठरवण्याची मुभा दिली. मूल होणे मात्र कथेला आवश्यक असल्याने ते कायम राहिले.

हा प्रसंग 'ड्रॅगन क्वेस्ट ५'शी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथेही वंशासाठी विवाह अटळ होता, पण त्याविरुद्ध असा रोष उसळला नाही. त्या खेळाने एकटे राहण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. सक्तीपेक्षाही दिलेले स्वातंत्र्य काढून घेणे अधिक बोचते.

प्रणयाला पर्याय

काही निर्मात्यांनी सहचरांचे महत्त्व राखून नायकाचा प्रणय वगळला. कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन एन्टरटेनमेंटच्या 'पिलर्स ऑफ एटर्निटी' (२०१५) मध्ये सहचर-प्रणय नव्हता. त्याच्या २०१८ सालच्या उत्तरार्धात तो मर्यादित स्वरूपात आला. याच संस्थेच्या 'द आउटर वर्ल्ड्स' (२०१९) मध्ये खेळाडूला प्रणय करता येत नाही, परंतु पार्वती या सहचरीला जुनलेई नावाच्या स्त्रीविषयी ओढ वाटते आणि नायक तिला मैत्रीच्या नात्याने मदत करतो. पार्वतीला शारीरिक आकर्षण वाटत नाही. ही गोष्ट ती संकोचाने सांगते, तेव्हा खेळाडूला तिला समजून घेता येते. नायक जोडीदार नसूनही ही खेळातील जिव्हाळ्याची कथा ठरली आहे.

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीप्रधान भूमिकानिर्वाह खेळात २०१९ सालच्या १.४ आवृत्तीपासून क्रोबस या पात्राला विवाहाविना घरात सोबती म्हणून राहायला बोलावता येते. सहजीवन म्हणजे प्रेमसंबंधच असला पाहिजे असे नाही, हा विचार येथे खेळाच्या नियमांतच उतरला आहे.

मूल्यमापन

ऐच्छिक प्रणयाच्या बाजूने असे म्हटले जाते, की त्यामुळे भूमिका घडवण्याचे स्वातंत्र्य वाढते आणि भिन्न वयाच्या, कलाच्या व आवडीच्या खेळाडूंना एकाच खेळात जागा मिळते. विरुद्ध बाजूचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे खर्च. प्रत्येक प्रणयासाठी संवादलेखन, आवाज आणि दृश्ये तयार करावी लागतात, आणि ती सर्वच खेळाडू पाहत नाहीत. दुसरा आक्षेप कलात्मक आहे. जे टाळता येते ते मुख्य कथेला स्पर्श करू शकत नाही. त्यामुळे 'फायनल फँटसी १०' (२००१) मधील टिडस व युना यांच्या निश्चित प्रेमाला जी शोकात्म धार येते, ती ऐच्छिक प्रेमाला क्वचितच येते. याशिवाय योग्य उत्तरे आणि भेटवस्तू पुरवल्या की प्रेम मिळतेच, असा व्यवहारी समज गुणपद्धतीमुळे दृढ होतो, अशीही टीका होते. सहचराला स्वतःचा कल, स्वतःची मते आणि नकाराचा अधिकार देणे हा त्यावरचा उपाय मानला जातो. म्हणूनच या विषयात ऐच्छिकतेचा विचार खेळाडू आणि सहचर अशा दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

हे सुद्धा पहा

भूमिकानिर्वाह व्हिडिओ गेम
डन्जन्स अँड ड्रॅगन्स
बायोवेअर
बाल्डर्स गेट ३
पर्सोना (व्हिडिओ गेम मालिका)